कामावरची विद्या : एमिली रोब्लिंग

एखादा मोठा पूल ओलांडताना त्याचे खांब, त्याच्या कमानी आणि त्याचे दोर आपल्या नजरेत भरतात. त्या पुलामागची व्यवस्था मात्र कोणाला दिसत नाही. दगड कोणत्या खाणीतून आणि केव्हा आणायचा, कोणते काम आधी करायचे आणि कोणते मागाहून, कंत्राटदाराने दिलेला माल कसाला उतरतो की नाही, शेकडो मजुरांच्या जिवाची काळजी कोणी वाहायची आणि खर्च झालेल्या पैशाचा हिशेब कोणाला द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे बांधकामावर रोजच्या रोज द्यावी लागतात. ती देण्याची जी विद्या, तिला आज बांधकाम व्यवस्थापन असे म्हणतात. या विद्येचे आता स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि ती शिकून पुढे आलेल्यांना मानाच्या जागा आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकात ती शिकवणारे वर्ग नव्हते. आणि अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांची दारे स्त्रियांसाठी जवळजवळ बंदच होती. अशा काळात अमेरिकेतील एका स्त्रीने ही विद्या प्रत्यक्ष कामावर शिकून घेतली आणि जगातील त्या वेळच्या सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल तडीस नेण्यात आपला वाटा उचलला. तिचे नाव एमिली वॉरन रोब्लिंग.

एमिलींचा जन्म 23 सप्टेंबर 1843 रोजी न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी वसलेल्या कोल्ड स्प्रिंग या गावी झाला. सिल्व्हेनस आणि फीबी वॉरन या दांपत्याच्या बारा अपत्यांपैकी त्या शेंडेफळाच्या आधीच्या. थोरले बंधू गव्हर्नर केंबल वॉरन त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठे होते. ‘गव्हर्नर’ हे त्यांचे पद नव्हे, नावच होते. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयातून शिकून ते सैन्यात अभियंता झाले होते. 1859 साली वडिलांचे निधन झाल्यावर या बंधूंनी धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा भार उचलला आणि तिला वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथील ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत पाठवले. तेथे इतिहास, भूगोल आणि बीजगणित या विषयांबरोबरच शिवणकाम आणि गृहव्यवस्थाही शिकवली जात असे. सुखवस्तू घरातील मुलीने एवढे शिकले म्हणजे पुष्कळ झाले, अशी त्या समाजाची समजूत होती.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. बंधू वॉरन हे सेनापतिपदाला पोहोचले आणि गेटिसबर्गच्या लढाईत त्यांनी नाव मिळवले. 1864 मध्ये एमिली भावाला भेटण्यासाठी छावणीत गेल्या असता, तेथील एका समारंभात त्यांची भेट वॉशिंग्टन रोब्लिंग या तरुण अधिकाऱ्याशी झाली. हे वॉशिंग्टन न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयाचे पदवीधर होते आणि एका नामांकित पूलबांधकाऱ्याचे पुत्र होते. 18 जानेवारी 1865 रोजी कोल्ड स्प्रिंग येथे दोघांचा विवाह झाला.

वॉशिंग्टन यांचे वडील जॉन रोब्लिंग हे मूळचे जर्मनीतील म्युलहाउझेन गावचे. अमेरिकेत येऊन त्यांनी तारांचे मजबूत दोर वळण्याचा कारखाना काढला होता आणि त्या दोरांवर तोललेले झुलते पूल बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नायगारा येथील त्यांचा पूल 1855 मध्ये पुरा झाला होता आणि त्यावरून आगगाडी जात असे. आता त्यांच्या मनात याहून मोठे काम घोळत होते. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही तेव्हा दोन वेगळी शहरे होती. त्यांच्यामध्ये ‘ईस्ट रिव्हर’ नावाचा, भरती-ओहोटीने सतत हेलकावणारा रुंद प्रवाह होता. रोज हजारो माणसे नावांतून हा प्रवाह ओलांडून कामाला जात. 1866-67 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फामुळे नावांची ये-जा वारंवार अडली, तेव्हा पूल हवाच, अशी मागणी लोकांतून होऊ लागली. जहाजांच्या वाटेत मधे खांब चालणार नव्हते. म्हणून दोन्ही काठांवर दोन प्रचंड मनोरे उभारून त्यांवरून पोलादी तारांचे चार दोर न्यावेत आणि त्या दोरांना रस्ता टांगावा, अशी योजना जॉन रोब्लिंग यांनी आखली. दोन मनोऱ्यांमधील अंतर होते 486 मीटर. तोवर इतक्या लांबीचा गाळा कोणी बांधला नव्हता.

या कामासाठी पाण्याखालच्या पायांचे शास्त्र शिकून यावे म्हणून जॉन रोब्लिंग यांनी मुलाला युरोपात पाठवले. नवविवाहित एमिलीही बरोबर गेल्या. 1867 आणि 1868 ही दोन वर्षे हे जोडपे युरोपातील पोलादाचे कारखाने, पूल आणि पायाभरणीची कामे पाहत हिंडले. याच प्रवासात, सासऱ्यांच्या जन्मगावी, म्युलहाउझेन येथे, एमिलींना पुत्र झाला. एमिली त्या वेळी केवळ सोबतीला म्हणून निघाल्या होत्या. परंतु कारखान्यांत आणि कामांवर जे पाहिले, ऐकले आणि ज्याविषयी पतीशी बोलणे झाले, ते पुढे त्यांच्या कामी आले.

परतल्यावर वर्षभरातच संकटांची मालिका सुरू झाली. 1869 च्या जून महिन्यात, पुलाच्या जागेची आखणी करीत असताना धक्क्याला लागणाऱ्या नावेखाली जॉन रोब्लिंग यांचा पाय चिरडला. जखमेतून धनुर्वात झाला आणि 22 जुलै रोजी त्यांचे निधन झाले. पुलाचा एक दगडही तेव्हा बसला नव्हता. मुख्य अभियंत्याची जबाबदारी बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांच्यावर येऊन पडली. 1870 च्या जानेवारीत कामाला प्रारंभ झाला.

मनोऱ्यांचा पाया घालण्याची रीत समजून घेतल्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. लाकडाच्या जाडजूड तुळयांची एक अवाढव्य पेटी, तळ उघडा असलेली, पाण्यात पालथी बुडवावयाची. तिच्यात दाबाखाली हवा भरून पाणी बाहेर लोटावयाचे. आणि आत उतरलेल्या मजुरांनी नदीचा तळ खणीत जावयाचे. पेटीच्या डोक्यावर मनोऱ्याचा दगड चढत जातो, त्याच्या भाराने पेटी खाली खाली जाते. अशा पेटीला ‘केसन’ म्हणतात. ब्रुकलिनच्या बाजूचे केसन सुमारे 51 मीटर लांब आणि 31 मीटर रुंद होते. आत कंदिलांचा उजेड, दमट उष्मा आणि चिखल. जसजशी खोली वाढे तसतसा हवेचा दाब वाढवावा लागे. अशा दाबाखाली हवेतील नायट्रोजन माणसाच्या रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यावर जसे बुडबुडे उसळतात तसे बुडबुडे त्याच्या रक्तात उठतात. त्यामुळे सांध्यांत असह्य वेदना होतात, अंग लुळे पडते आणि कधी मृत्यूही येतो. वर येताना दाब अगदी हळूहळू कमी केला तर हा धोका टळतो. परंतु त्या काळी या रोगाचे खरे कारण कामावरच्या कोणाला ठाऊक नव्हते.

वॉशिंग्टन रोब्लिंग कचेरीत बसून हुकूम सोडणारे अभियंते नव्हते. मजुरांबरोबर ते स्वतः केसनमध्ये उतरत. 1870 च्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या केसनच्या छताला आतून आग लागली, तेव्हा ती विझेपर्यंत ते तासन्‌तास आत राहिले. न्यूयॉर्कच्या बाजूला पाया अधिक खोल न्यावा लागला. खोली वाढली तशी आजारी मजुरांची संख्या वाढली आणि काही जण दगावले. खडक अजून हाती लागला नव्हता. सुमारे 24 मीटर खोलीवर वाळू आणि खडीचा एक कठीण थर लागला. आणखी खोल जायचे तर पुष्कळ माणसे प्राणाला मुकली असती. त्या थराची पारख करून, येथेच थांबावे, असा निर्णय वॉशिंग्टन यांनी 1872 मध्ये घेतला. तो निर्णय योग्य होता. मनोरा आजही त्याच थरावर उभा आहे. परंतु तोवर हा रोग त्यांनाही जडला होता. त्याच वर्षी ते कोसळले. वेदना आणि अशक्तपणा यांनी त्यांना घेरले, दृष्टी मंदावली, थोडा वेळ बोलणेही सोसेना. ते पुन्हा कामावर जाऊ शकतील अशी आशा उरली नाही.

आता कामाचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. मनोरे अर्धवट होते, दोर अजून वळायचे होते. नियोजित कामाचा सगळा तपशील एका रुग्णाच्या डोक्यात होता. मुख्य अभियंता बदलला असता तर नव्या माणसाने सारी योजना उलटीपालटी करण्याचा संभव होता. शिवाय पुलावर जनतेचा पैसा खर्च होत होता. एवढे काम अंथरुणावरच्या माणसाच्या हाती कसे राहू द्यावे, हा आक्षेपही अगदीच गैरवाजवी नव्हता. या पेचातून वाट काढायची तर रुग्णाच्या खोलीतले विचार अचूकपणे कामावर पोहोचवील आणि कामावरची परिस्थिती तितक्याच अचूकपणे खोलीत आणील, असे माणूस हवे होते. हे काम एमिलींनी पत्करले.

प्रारंभी त्या पतीच्या लेखनिक होत्या. 1872-73 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन यांनी, आपण न जगलो तरी पूल पुरा व्हावा, या हेतूने पुढील कामाच्या तपशीलवार सूचना तयार करण्याचा ध्यास घेतला. पुढे त्यांना लिहिणे-वाचणे अशक्य झाले, तेव्हा ते सांगत आणि एमिली लिहून घेत. परंतु केवळ लिहून घेणे पुरेसे नाही, हे एमिलींच्या लवकरच ध्यानात आले. निरोप पोहोचवणाऱ्याला निरोपाचा अर्थ कळला नाही, तर पहिल्याच उलट प्रश्नाला तो निरुत्तर होतो. एका आकड्याची चूक झाली किंवा एका शब्दाचा घोटाळा झाला, तर दगडाचे काम उतरवून पुन्हा करावे लागते. म्हणून त्यांनी शिकायला सुरुवात केली.

त्यांच्या अभ्यासाचे विषय सोपे नव्हते. शाळेत जेमतेम ओळख झालेल्या गणितापासून त्या उच्च गणिताकडे वळल्या. दोन टोकांना टांगलेला दोर स्वतःच्या वजनाने ज्या वक्ररेषेत लोंबतो, त्या रेषेचे गणित त्यांनी समजून घेतले, कारण झुलत्या पुलाचा सारा हिशेब त्या रेषेवर बसलेला असतो. दगड, लोखंड आणि पोलाद किती भार सोसतात, पोलादी तारेची परीक्षा कशी करतात, तारा एकत्र बांधून दोर कसा सिद्ध करतात, कंत्राटाच्या अटी आणि मालाचे तपशील कसे लिहितात, या साऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. पती हेच त्यांचे शिक्षक होते. बांधकाम हीच त्यांची प्रयोगशाळा होती आणि तेथे उद्भवणारी प्रत्येक अडचण ही त्यांची परीक्षा होती.

उपचारांसाठी जर्मनीत आणि नंतर काही काळ न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे राहून हे कुटुंब पुढे ब्रुकलिनला परतले. कोलंबिया हाइट्स या रस्त्यावरील त्यांच्या घराच्या खिडकीतून पूल दिसत असे. वॉशिंग्टन खिडकीशी बसून दुर्बिणीतून काम न्याहाळीत आणि एमिली कामावर जात. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. साहाय्यक अभियंत्यांना सूचना समजावून सांगणे, त्यांचे प्रश्न ऐकणे, त्यांतील ज्यांची उत्तरे आपल्याला देता येतील ती तेथेच देणे, उरलेले टिपून घरी आणणे, कंत्राटदार आणि पुलाचे विश्वस्त यांच्याशी बोलणी करणे, पत्रव्यवहार सांभाळणे आणि कागदपत्रे नीट लावून ठेवणे, अशी त्यांची कामे होती. बांधकाम व्यवस्थापकाच्या कामाची यादी आज करायला घेतली, तरी ती याहून फारशी निराळी होणार नाही.

त्या काळच्या वर्तमानपत्रांत आलेली एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पुलासाठी नव्या आकाराचे पोलादी भाग हवे होते. असे भाग पूर्वी कोणी घडवले नसल्यामुळे ते कसे करायचे, हे विचारण्यासाठी कारखान्यांचे प्रतिनिधी मुख्य अभियंत्याच्या घरी आले. तेथे त्यांच्यापुढे एमिली बसल्या आणि त्यांनी आकृत्यांच्या साहाय्याने ते भाग कसे करता येतील, हे उलगडून दाखवले. पाहुण्यांना वाटलेले नवल त्या वर्तमानपत्राने नोंदवले आहे. नवल वाटण्याजोगे त्यात खरे तर काही नव्हते, कारण त्यामागे कित्येक वर्षांचा अभ्यास होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पूल एमिलींनीच बांधला, मुख्य अभियंता नावापुरतेच होते, अशी कुजबुज त्या वेळीही होती आणि आजही कधीकधी तसे लिहिले जाते. ते खरे नाही. पुलाची मूळ कल्पना जॉन रोब्लिंग यांची. पायांपासून दोरांपर्यंतचे अभियांत्रिकी निर्णय वॉशिंग्टन यांचे होते आणि मार्टिन, कॉलिंगवुड, पेन, मॅक्नल्टी व हिल्डेनब्रँड यांच्यासारख्या कुशल साहाय्यक अभियंत्यांनी ते प्रत्यक्षात आणले. पण केवळ निर्णय झाला म्हणून बांधकाम होत नाही. तो योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचावा लागतो, त्याचा अर्थ पटवून द्यावा लागतो आणि त्यातून निघालेले प्रश्न सोडवावे लागतात. हे काम एमिलींचे होते. अतिशयोक्ती केल्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही. त्यांनी जे केले तेवढेच सांगितले तरी तो पुरेसा दिसतो.

1875 मध्ये ब्रुकलिनचा मनोरा आणि 1876 मध्ये न्यूयॉर्कचा मनोरा पुरा झाला. त्यानंतर दोरांचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येक दोरात पाच हजारांहून अधिक तारा होत्या. झुलत्या पुलासाठी पोलादी तारा वापरण्याचा हा पहिलाच मोठा प्रयोग होता. तार पुरवण्याचे कंत्राट जे. लॉइड हेग या व्यापाऱ्याला मिळाले होते. 1878 मध्ये त्याची लबाडी उघडकीस आली. तपासनिसांनी पसंत केलेली चांगली तार वाटेत उतरवून घेऊन तिच्या जागी नापसंत झालेली तार पुलावर धाडली जात होती. तोपर्यंत पुष्कळशी वाईट तार दोरांत गुंफली गेली होती आणि ती काढणे शक्य नव्हते. मात्र आरंभीच वॉशिंग्टन यांनी दोर गरजेच्या सहापट मजबूत धरले होते. वाईट तारेने ही मजबुती घटली, तरी पूल धोक्यात येणार नव्हता. तथापि अधिक खबरदारी म्हणून प्रत्येक दोरात सुमारे दीडशे जादा तारा घालण्याचे ठरले आणि त्यांचा भुर्दंड कंत्राटदारावर टाकण्यात आला. माल एकदा तपासला म्हणजे झाले असे नाही, तो कामावर पोहोचेपर्यंत त्याच्यावर नजर हवी, हा व्यवस्थापनाचा धडा त्या प्रसंगाने शिकवला.

काम लांबत गेले आणि खर्च फुगत गेला. आरंभीच्या अंदाजाहून पुष्कळ अधिक, सुमारे दीड कोटी डॉलर पुलावर लागले. पुलाच्या उभारणीत वीसहून अधिक माणसांनी प्राण गमावले. लोकांचा धीर सुटत चालला. मुख्य अभियंत्याला कित्येक वर्षांत कोणी कामावर पाहिले नव्हते. त्यांची बुद्धी शाबूत आहे की नाही, अशी शंकाही बोलली जाऊ लागली. 1882 मध्ये ब्रुकलिनचे तरुण महापौर सेथ लो यांनी मुख्य अभियंता बदलण्याचा प्रस्ताव पुढे रेटला. घराच्या खिडकीतून ज्याची उभारणी पाहिली, तो पूल अखेरच्या टप्प्यात हातून जाण्याची वेळ आली. वॉशिंग्टन सभेला जाऊ शकत नव्हते. ते जबाबदारी पेलू शकतात याचा पुरावा पुलावरच होता. दहा वर्षांच्या त्यांच्या गैरहजेरीत मार्गदर्शनात कोठे खंड नव्हता, सूचनांत कोठे विसंगती नव्हती. ही अखंडता ज्या दुव्याने राखली, तो दुवा एमिली होत्या. सप्टेंबरमध्ये विश्वस्तांनी मतदान केले. दहा मते वॉशिंग्टन यांच्या बाजूने आणि सात विरुद्ध पडली. केवळ तीन मतांच्या फरकाने मुख्य अभियंता आपल्या जागी राहिले.

1883 च्या मे महिन्यात पूल सिद्ध झाला. औपचारिक उद्घाटनाच्या आधी घोडागाडीतून पूल ओलांडण्याचा पहिला मान एमिलींना देण्यात आला. विजयाचे चिन्ह म्हणून त्यांनी बरोबर एक जिवंत कोंबडा घेतला होता. 24 मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या उपस्थितीत पूल लोकांसाठी खुला झाला आणि पहिल्याच दिवशी सुमारे दीड लाख माणसे त्यावरून गेली. वॉशिंग्टन समारंभाला येऊ शकले नाहीत. त्यांच्या घरीच स्वागताचा कार्यक्रम झाला. त्या दिवशीच्या मुख्य भाषणात एब्रॅम ह्युइट या लोकप्रतिनिधींनी एमिलींचा आदराने उल्लेख केला. स्त्रीला ज्या उच्च शिक्षणापासून दीर्घकाळ वंचित ठेवले गेले, त्या शिक्षणाची तिची पात्रता या पुलाने सिद्ध केली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुलाच्या उद्घाटनात स्त्रीशिक्षणाचा विषय निघावा, हीच एमिलींच्या कार्याची मोठी पावती होती.

पूल पुरा झाला, पण एमिलींचे शिकणे संपले नाही. रोब्लिंग कुटुंब नंतर ट्रेंटनला स्थायिक झाले. एमिलींनी स्त्रियांच्या अनेक संस्थांत काम केले. 1898 च्या युद्धातून परतलेल्या आजारी सैनिकांसाठी लाँग आयलंडवर छावणी उभारण्यात आली, तेथे त्यांनी सेवा केली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1899 मध्ये, त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाचा स्त्रियांसाठी असलेला कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवले. या निमित्ताने लिहिलेल्या निबंधात त्यांनी विवाहित स्त्रीवर कायद्याने लादलेल्या बंधनांची चिकित्सा केली आणि पत्नीला पतीच्या बरोबरीने हक्क असावेत, असा पक्ष मांडला. कंत्राटांचे कागद वाचता वाचता कायद्याची जी गोडी त्यांना लागली असावी, तिचे हे फळ म्हणता येईल. त्यानंतर चारच वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1903 रोजी, ट्रेंटन येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्या जगण्याची शाश्वती कोणी दिली नव्हती, ते वॉशिंग्टन मात्र 1926 पर्यंत जगले.

पुलाच्या कागदपत्रांत एमिलींना कोणतेही पद नव्हते आणि त्यांना वेतनही मिळाले नाही. म्हणूनच पुढे बराच काळ त्यांचे नाव मागे पडले. 1951 मध्ये ब्रुकलिनच्या अभियंत्यांनी पुढाकार घेऊन पुलाच्या मनोऱ्यावर एक स्मृतिफलक बसवला. त्यावर वॉशिंग्टन आणि जॉन रोब्लिंग यांच्याबरोबर एमिलींचेही नाव आहे. 2021 मध्ये पुलाच्या पायथ्याशी, ब्रुकलिनच्या काठावर, एमिलींच्या नावाचे एक मोकळे प्रांगण लोकांसाठी खुले करण्यात आले.

एमिलींच्या चरित्रातून विद्यार्थ्याने काय घ्यावे? परिस्थिती ओढवली म्हणून त्या कामावर गेल्या, हे खरे. परंतु परिस्थिती ओढवलेली माणसे पुष्कळ असतात. आपल्याला जे येत नाही ते नेमके काय आहे हे ओळखणे, ते मुळापासून शिकणे आणि शिकलेले रोजच्या कामात कसाला लावून पाहणे, हा मार्ग एमिलींनी निवडला. वर्गखोली नव्हती, वेळापत्रक नव्हते, परीक्षेचा दिवस ठरलेला नव्हता. संसार, मुलाचे संगोपन आणि आजारी पतीची शुश्रूषा सांभाळून त्या अकरा वर्षे शिकत राहिल्या. घरची आणि कामाची जबाबदारी पेलत, शाळेच्या भिंतीबाहेर राहून शिकणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. अशा शिक्षणाला पदवीचा शिक्का मिळतोच असे नाही. पण ते खरे आहे की नाही, हे कामावर कळते. ईस्ट रिव्हरवरचा तो पूल दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आला आहे आणि त्यावरून रोज हजारो माणसे अजूनही निर्धास्तपणे जात-येत आहेत.